अंदाजपत्रकातली पाचवी ओळ

माझ्या पुस्तकाच्या खर्चाचा कागद सहा ओळींचा होता. छपाई आणि बांधणी ६८,००० रुपये. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन १७,०००. चित्रकार मैत्रिणीचे २०,०००. गाणी सांगणाऱ्या बायकांचं मानधन १५,०००. लेखिकेचं मानधन २०,०००. टपाल, पॅकिंग, पावतीपुस्तकं आणि किरकोळ १०,०००. एकूण दीड लाख. यातल्या पाचव्या ओळीवरून मला जेवढं ऐकावं लागलं, तेवढं बाकीच्या पाच ओळींवरून मिळूनही ऐकावं लागलं नाही. पैसे कसे उभे केले ते तर सांगतेच, पण मुख्य सांगायचं आहे ते या ओळीबद्दल.

पुस्तक आहे सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू बायकांच्या गाण्यांचं. मी पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या, घरातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी. आजी विड्या वळायची. सूप मांडीवर, पानं कात्रीनं कापून ठेवलेली, आणि हात चालत असताना तोंडात गाणं. नवरात्रात फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात तेव्हाची ‘उय्यालो’वर संपणारी गाणी सगळ्यांना माहीत आहेत. विड्या वळतानाची मात्र कुणी लिहून घेतली नव्हती. त्यात सासर-माहेर आहे, मागावर बसलेला नवरा आहे, आणि छाटविडी तर पुष्कळ आहे. कारखान्यात माल दिला की तपासणारा खराब म्हणून विड्या बाजूला काढतो, त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि पानं-तंबाखू तर दिवसाच्या हिशेबात धरलेली असतात. त्या रागाची, त्या रडकुंडीची गाणी. मूळ तेलुगू शब्द देवनागरीत, शेजारी मराठी अर्थ, आणि गाणाऱ्या बाईचं थोडं सांगणं, असं पुस्तकाचं रूप ठरलं. तेलुगूत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ असतात. ते देवनागरीत दाखवायला ऎ, ऒ ही अक्षरं लागतात आणि अक्षरजुळणीवाल्याच्या नेहमीच्या फाँटमध्ये ती नव्हती. म्हणून दुसऱ्या ओळीतला आकडा तेवढा मोठा.

आधी रीतसर प्रकाशक गाठला. त्याला पुस्तक आवडलं. दोनशे प्रती लेखिकेने निम्म्या किमतीत घ्याव्यात, ही अट होती. ही अट आता मराठीत इतकी सर्रास आहे की तिचं कुणाला काही वाटत नाही. लेखक पैसे देतो, प्रती घरी आणतो, समारंभात वाटतो, आणि कपाटात पुस्तकांची थप्पी उरते. मला ते नको होतं.

मग सरकारी दार. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळाची नवलेखक अनुदान योजना फार चांगली आहे. अनेकांचं पहिलं पुस्तक त्यातूनच आलं. पण ती पहिल्या पुस्तकासाठी, आणि माझा कवितासंग्रह आधीच निघाला होता. तो विषय तिथेच संपला.

तिसरं दार आपणहून उघडलं. एका ओळखीच्या वकिलांनी माझं काम एका विडी कारखानदाराच्या कानावर घातलं. त्यांनी बोलावून घेतलं, चहा दिला, कच्ची प्रत चाळली, चार-दोन गाणी स्वतः म्हणूनही दाखवली. त्यांनाही ती लहानपणी ऐकून पाठ होती. सगळा खर्च मी देतो म्हणाले. सुरुवातीला कैलासवासी वडिलांचा फोटो आणि त्यांच्याबद्दल दोन पानं, एवढीच त्यांची इच्छा. एकही गाणं काढा असं ते म्हणाले नाहीत, हे मला मुद्दाम सांगायला हवं. माणूस सज्जन होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आश्रय घेण्यात कमीपणा आहे असं मी मानत नाही. आपल्या सोलापूरचा रामजोशी शाहीर पुण्याला गेला, दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात त्याचा मान झाला, म्हणून त्याच्या लावण्यांचं मोल घटत नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला म्हणून त्यांची गायकी तिथे रुजली. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात ग्रंथमाला काढल्या नसत्या तर कितीतरी मराठी पुस्तकं जन्मालाच आली नसती. पेशवे विद्वान ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेतला पैसासुद्धा पुढे इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला. १८५१ ची दक्षिणा प्राइझ कमिटी ती हीच. आश्रयाने कला जगते, हे खरंच आहे.

पण माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. पहिल्या पानावर कारखानदाराच्या वडिलांचा फोटो आणि चाळिसाव्या पानावर छाटविडीचं गाणं. ते गाणं सांगणारी अक्का पुस्तक हातात घेऊन पहिलं पान उघडणार. तिला काय वाटेल? तिने विश्वासाने जे माझ्याजवळ म्हटलं, ते मी कुणाच्या दारात नेऊन ठेवलं असं वाटेल. गाणी तीच राहिली असती, त्यांचा अर्थ फिरला असता. दुसऱ्या दिवशी मी फोन करून नम्रपणे नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असावं. पुढे त्यांनी पाच प्रती पूर्ण किमतीने घेतल्या.

एक आश्रयदाता मात्र कुठल्याच कागदावर येत नाही, तो म्हणजे घर. दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. मराठीत लिहिणारे बहुतेक जण नोकरीच्या, नाहीतर जोडीदाराच्या पगारावर लिहितात. माझा नवरा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि मी तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्या टिपणवह्यांचा, रेकॉर्डिंगचा, रिक्षाचा खर्च त्याच्या पगारातून झाला, आणि त्याने तो कधी बोलून दाखवला नाही. तरीही दीड लाख घरातून काढणं शक्य नव्हतं, आणि शक्य असतं तरी योग्य नव्हतं.

म्हणून लोकांकडे जायचं ठरलं. एका भाच्याने क्राउडफंडिंग, म्हणजे इंटरनेटवरून अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवणं, सुचवलं. अशा मोहिमांचं अमेरिकेतलं संकेतस्थळ किकस्टार्टर २००९ मध्ये सुरू झालं, पण भारतात राहणाऱ्याला तिथे मोहीम काढता येत नाही. आपल्याकडच्या एका संकेतस्थळावर आम्ही नाव नोंदवलं. तिथे दोन प्रकार होते: ठरवलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे मिळणार, नाहीतर देणाऱ्यांना परत, किंवा जमतील तेवढे आपले. मी पहिला प्रकार घेतला. अर्धेमुर्धे पैसे घेऊन अर्धंमुर्धं पुस्तक काढण्यापेक्षा न काढलेलं बरं. पण लक्ष्य दीड लाखाचं न ठेवता ६०,००० ठेवलं, कारण आमच्या भागातली बहुसंख्य माणसं तिथे पोहोचणारच नाहीत, हे उघड होतं. बाकीचं हाताने गोळा करायचं.

भाच्याने फोनवर छोटी चित्रफीत केली. तीनशे रुपयांना एक प्रत, हजाराला प्रत आणि एका चित्राची छापील प्रत, पाच हजाराला पाच प्रती आणि तुमच्या गावी येऊन वाचन, असे टप्पे ठरवले. आता यातलं कष्टाचं काम सांगते. लोक समजतात पान टाकलं की पैसे येतात. प्रत्यक्षात रोज संध्याकाळी माणसामाणसाला वेगवेगळा निरोप लिहावा लागतो. गटावर टाकलेल्या एका निरोपाला अंगठे पुष्कळ येतात, पैसे येत नाहीत. नाव घेऊन, त्या माणसाचा पूर्वभागाशी संबंध काय ते आठवून लिहिलं की उत्तर येतं. पुणे, हैदराबाद, बंगळुरूला आयटीत गेलेली आमच्या गल्ल्यांमधली मुलं अशी एकेक करून जोडली गेली. एकाने लिहिलं, आईच्या सुपाचा फोटो पुस्तकात घ्याल का? घेतला.

काही तांत्रिक गोष्टी, कारण त्यावर सल्ला मिळेपर्यंत माझे बरेच दिवस गेले. व्यापारी विचारतात ‘८०जी’ची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट देणारी, पावती मिळेल का. ती त्यासाठी मान्यता असलेल्या नोंदणीकृत न्यासाला किंवा संस्थेलाच देता येते, एकट्या लेखकाला नाही. आणि नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात एकूण पन्नास हजारांवर भेट मिळाली तर ती उत्पन्नात धरली जाते. आमच्या सीएंनी सांगितलं की हे सगळं पुस्तकाची आगाऊ विक्री म्हणून ठेवा, प्रत्येक रकमेसमोर प्रत लिहा, व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवा, खर्च वजा करा. परदेशातून येणाऱ्या पैशाचंही तसंच. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने तिकडून स्वतःच्या बचतीतून पाठवणं वेगळं आणि तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याने देणगी देणं वेगळं. दुसऱ्यासाठी परदेशी देणग्यांचा कायदा लागू होतो. अशा दोघा-तिघांना मी देणगी नको, पुस्तक विकत घ्या असं कळवलं.

संकेतस्थळावर ६१,००० जमले. त्यांची फी, फीवरचा १८ टक्के जीएसटी आणि पैसे वळते करण्याचा आकार जाऊन हातात ५४,००० आले, तेही मुदत संपल्यावर काही आठवड्यांनी.

दुसरी बाजू पावतीपुस्तकाची. गणपतीची वर्गणी, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली मंडळांची वर्गणी, लग्नातला आहेर, सगळं आमच्याकडे वहीत उतरतं, त्यामुळे पावती फाडून दिली की माणूस निर्धास्त होतो. मी आणि चित्रकार मैत्रीण अशोक चौक, दत्तनगर, विडी घरकुल असं फिरलो. हे काही नवीन नाही, असं मी स्वतःला सांगत होते. डॉ. केतकरांनी १९१६ मध्ये नागपुरात ज्ञानकोश मंडळ लिमिटेड ही कंपनी काढली, तिचे भाग (शेअर) विकले, वर्गणीदार मिळवले आणि तेवीस खंड लोकांपुढे ठेवले. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ग्रंथाली या प्रकाशन चळवळीने वाचकांना आधी सभासद केलं, मग पुस्तकं दिली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये त्याच वाटेने आलं. चित्रपटात ‘मंथन’ आहे: १९७६, गुजरातचे पाच लाख दूध उत्पादक, प्रत्येकी दोन रुपये, आणि पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. ज्यांच्याबद्दलची गोष्ट, त्यांचाच पैसा. हे उदाहरण मला त्या दिवसांत सगळ्यात जास्त बळ देत होतं.

पण पावती घेऊन दारात उभं राहिलं की लोक खर्चाचा कागद मागतात, आणि कागद दिला की बोट पाचव्या ओळीवर जातं.

मला शाळेत शिकवलेले एक सर आहेत, आता निवृत्त. त्यांच्याइतकी पुस्तकांवर माया करणारा माणूस मी पाहिला नाही. त्यांनी हजार रुपये काढून हातात ठेवले आणि म्हणाले, “हे छपाईला लाव बाळ. स्वतःचं मानधन कशाला लिहिलंस? सरस्वतीची सेवा आहे ही.” एका बँकेतल्या साहेबांनी विचारलं, लेखिकेचे वीस हजार वजा केले तर किंमत कमी होईल ना? एका वाचनालयाच्या कार्यवाहांना ती ओळ शोभत नाही असं वाटलं. चित्रकाराच्या वीस हजारांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. छापखान्याने नफा घेऊ नये असंही कुणी म्हणालं नाही. कागदवाला, बांधणीवाला, टपाल खातं, सगळ्यांनी आपापलं घ्यावं. जिने ती गाणी वर्षानुवर्षं ऐकली, उतरवली, पडताळली, मराठीत आणली, तिने तेवढं सोडून द्यावं, अशी एक समजूत चांगल्या, सुशिक्षित माणसांत खोल बसलेली आहे. मी सरांना म्हटलं, “सर, पावती मी देते, पण कुठल्या ओळीसाठी ते लिहिणार नाही. पैसे सगळ्या ओळींचे आहेत.” सर थोडा वेळ गप्प राहिले. पैसे त्यांनी परत घेतले नाहीत.

विडी घरकुलात हाच कागद मी वाचून दाखवला. तिथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या बायकांनी आपल्या घराचा हिस्सा हप्त्याहप्त्याने भरलेला आहे. खर्चाचा कागद, हिस्सा, पावती हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. पाचव्या ओळीला एक अक्का थांबली. “वीस हजार. किती वर्षं करतीयस हे काम?” दोन-अडीच वर्षं होत आली, मी म्हटलं. तिने तिथल्या तिथे तोंडी हिशेब घातला. हजार विड्यांना मजुरी किती आणि त्या मानाने मला दिवसाला काय पडतं ते काढलं आणि बाकीच्यांना तेलुगूत सांगितलं. त्या एकदम बोलायला लागल्या. “ही तर छाटच म्हणायची गं. एवढ्यात कशी केलीस?” मी म्हटलं, काही जण म्हणतात हेही घेऊ नकोस. त्यावर ती जे म्हणाली ते मी घरी येऊन लिहून ठेवलं: “घे. तू फुकट केलं तर उद्या आम्हाला म्हणतील, बघा, त्या बाईनं पैसे न घेता केलं, तुम्ही कशाला मागता.”

मजुरी सोडली की ती आपल्यापुरती सुटत नाही, शेजारणीचीही पडते, हे तिला संघटनेच्या लढ्यांतून कळलेलं. आम्ही लिहिणारे हे विसरलो आहोत. ज्याचं घर पगारावर चालतं तो मानधन न घेता लिहितो, आणि मग ज्याला पगार नाही त्याच्याकडूनही तीच अपेक्षा होते. त्यातून लिहिणारी माणसं कोणत्या घरांतून येणार हे ठरून जातं. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलीला लिहायचं असेल तर तिच्या श्रमाची ओळ कागदावर असायलाच हवी.

त्या बायकांनी मग पैसे द्यायला सुरुवात केली. दहा, वीस, कुणी पन्नास. मी हात मागे घेतला. त्यांना मानधन देणं माझं काम, त्यांच्याकडून घेणं कसं शोभेल? अक्का रागावली. गाण्याचे पैसे गाण्याचे, पुस्तकाचे पैसे पुस्तकाचे, असं तिचं म्हणणं. मी पावत्या फाडल्या. एकीने मेलेल्या सासूच्या नावाने दिले, कारण गाणं तिचं होतं. एकीने नाव लिहू नको म्हणून सांगितलं, घरी विचारतील. तिची पावती ‘एक बहीण’ या नावाने आहे.

नावांच्या यादीवर आम्ही खूप विचार केला. नाव पुकारलं जाण्यात जोर असतो. अमेरिकेत स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी १८८५ मध्ये पुलित्झरने आपल्या वर्तमानपत्रातून आवाहन केलं, देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापलं, आणि लाखावर डॉलर जमले. बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी दिला होता. आपल्याकडे संगीतबारीत दौलतजादा करणाऱ्याचं नाव रकमेसकट पुकारतात. तिथे मोठी रक्कम पुढच्याला डिवचते आणि खेळ रंगतो. पण पुस्तकात रकमा छापल्या असत्या तर दहा रुपयेवालीचं नाव पाच हजारवाल्याखाली गेलं असतं, आणि ते कायमचं. वासुदेव सूपभर जोंधळ्यालाही आणि चार आण्यालाही तेच ‘दान पावलं’ म्हणतो. आम्ही नावं अकारविल्हे छापली, रकमेशिवाय. बेंगळुरूचा इंजिनिअर आणि त्याच्या गल्लीतली अत्ता (आत्या) एकाच ओळीत आले आहेत.

शेवटी हिशेब असा झाला. संकेतस्थळाचे ५४,०००, पावत्या आणि यूपीआयचे ७१,०००, वाचनालयं आणि शाळांच्या आगाऊ मागणीचे २२,०००. एकूण १,४७,०००. तीन हजार कमी पडले, आणि मधल्या काळात कागद महागल्याने छपाईचे चार हजार वाढले. छापखान्याच्या मालकांनी सहज सुचवलं, “ताई, अशा वेळी लेखक आपलं मानधन सोडतात.” मी रंगीत पानं सोळाची आठ केली. मैत्रिणीची काही चित्रं काळ्या-पांढऱ्यात छापली, तिच्याशी बोलून. चौथी आणि पाचवी ओळ जशीच्या तशी राहिली. बांधणी मात्र जुजबंदीच, म्हणजे दोऱ्याने शिवलेलीच, ठेवली, कारण हे पुस्तक मांडीवर उघडं ठेवून गायलं जाणार आहे.

बाकीचं झरझर झालं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, सरकारकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. कायद्याने राष्ट्रीय आणि ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात, त्या मोजून ठेवा. टपाल खात्याने २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे, वीस रुपयांपासून, ती कुरियरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. प्रकाशन घरकुलाच्या पटांगणात झालं. हिशेबाचा कागद मी सगळ्या देणाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि तिथल्या फलकावरही लावला.

वर्गणीतून पुस्तक निघतं. लेखकाचा वेळ त्यातून निघत नाही, हे मात्र स्वच्छ सांगायला हवं; वीस हजारात अडीच वर्षं जगता येत नाही. वेळेसाठी पाठ्यवृत्ती, म्हणजे फेलोशिप, लागते. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कुठल्याही भारतीय भाषेत अर्ज घेते, म्हणजे आपण मराठीत लिहू शकतो. मागवाल्यांच्या घरांतल्या गाण्यांसाठी मी तिकडे अर्ज लिहिते आहे, आणि त्यात माझी ओळ पहिली आहे.

आणखी एक काम सध्या चालू आहे. राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देतं, २०२४ पासून महिना ५,००० रुपये. पन्नाशी ओलांडलेल्या, तुटपुंज्या उत्पन्नाच्या, आयुष्यभर गात आलेल्या आमच्या अक्का त्यात बसतात. अडचण पुराव्याची होती, कारण विड्या वळता वळता गाणाऱ्या बाईजवळ ना प्रमाणपत्र असतं ना वर्तमानपत्राचं कात्रण. आता पुस्तकात त्यांचं नाव, फोटो आणि गाणी आहेत, तीच पानं आम्ही अर्जाला जोडतो आहोत. दोघींचे अर्ज गेले. तिसरीचा उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून यायचा आहे.